कोरफडीचा पूर्वपक्ष

खंडन करण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडावा, ही आपल्या शास्त्रकारांची शिस्त. म्हणून तो आधी मांडतो. भाजलेल्या जागी कोरफडीचा गर, हळदीचा लेप किंवा एखाद्या पाल्याचा अर्क लावावा, जखम लवकर भरते. आधार तीन. सुश्रुताने दग्धव्रणावर वनस्पतीच सांगितल्या आहेत. आता प्रयोगशाळाही तेच सांगतात. आणि झाडपालाच तो, गुण आला नाही तरी अपाय तर नाही! घरातल्या आजीपासून औषधनिर्माणशास्त्राच्या प्रबंधांपर्यंत हे मत इतके मुरले आहे की त्यावर वाद घालणारा माणूस हट्टी वाटतो. तो हट्ट मी करणार आहे.

सुरुवात तिसऱ्या आधारापासून, कारण तो सर्वांत कच्चा आणि सर्वांत घातक. एके काळी एका वनस्पतिजन्य द्रव्याने भाजण्याच्या उपचारांवर जवळपास राज्य केले होते, हे आज कोणाला आठवत नाही. ते द्रव्य म्हणजे टॅनिक आम्ल. आपण बाळघुटीत जे मायफळ उगाळतो ती ओकच्या झाडावरची गाठ. अशा गाठींत हे आम्ल भरपूर असते आणि त्याच जातीच्या द्रव्यांनी कातडी कमावतात. 1925 साली डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या एडवर्ड डेव्हिडसन यांनी त्याचा द्राव भाजलेल्या जागेवर वापरायची पद्धत मांडली. जखमेवर कोरडी, तपकिरी, टणक खपली धरे, पाझर थांबे, वेदना कमी होत. काही वर्षांतच अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ही रीत सर्रास झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात होरपळलेले वैमानिक येऊ लागले, तेव्हा तीच खपली आवळून बोटे आणि पापण्या वाकड्या करते, हे दिसले. इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिन्स्टेडचे शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला आणि मिठाच्या पाण्याची स्नाने सुरू केली. दुसरा दोष आतला होता. आम्ल उघड्या जखमेतून रक्तात शोषले जाते आणि यकृतावर घाव घालते, अशी निरीक्षणे 1942च्या सुमारास प्रसिद्ध झाली आणि टॅनिक आम्लाची सद्दी संपली. त्याचा उगम झाडातच होता, पण त्याने यकृत वाचले नाही. धड कातडीवर जे निरुपद्रवी ते भाजलेल्या जागी निरुपद्रवी असेलच असे नाही. भाजल्यावर मधली भिंतच पडलेली असते.

घरगुती लेपाचा अपाय याहून साधा. हळदीने जखम पिवळी होते, फोडाखालचा रंग दिसत नाही, आणि भाजणे किती खोल आहे हे पाहण्यासाठी डॉक्टरांना आधी ती खरवडून धुवावी लागते. ते धुणे ज्याने सोसले आहे त्याला विचारा. कोरफडीचे पान विळीवर कापले की सालीलगतचा पिवळा कडू चीकही गरात उतरतो, आणि कुंडीतल्या मातीतले जंतू फुकट.

आता प्रयोगांकडे. वनस्पतींच्या अर्कांवरचे बहुसंख्य शोधनिबंध उंदरांवर बेतलेले असतात. उंदराच्या सैल कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. त्या थरामुळे जखमेच्या कडा चटकन एकमेकींकडे ओढल्या जातात आणि जखम आकसून मिटते. माणसाची उथळ भाजलेली जागा अशी मिटत नाही. केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींत तग धरून राहिलेल्या पेशी पृष्ठभागावर पसरतात, तेव्हा ती भरते. माणसाच्या जखमेचे आकसणे म्हणजे तर व्यंग, मानेला छातीशी जखडणारे. उंदराची जखम चौदाव्या दिवशी इतके टक्के मिटली, हा आकडा आमच्या मानेविषयी काही सांगत नाही.

कोरफडीबद्दल मात्र माणसांवरचा पुरावा आहे, आणि तो लपवणे अप्रामाणिक ठरेल. 2007 साली थायलंडच्या संशोधकांनी ‘बर्न्स’ या नियतकालिकात चार अभ्यास एकत्र तोलले. रुग्ण 371. कोरफडीच्या गटात जखमा सरासरी सुमारे नऊ दिवस आधी भरल्या. नऊ दिवस थोडे नव्हेत. पण कुस्तीत कोण जिंकले याइतकेच कोणाशी जिंकले हेही विचारायचे असते. अशा चाचण्यांत समोर अनेकदा सिल्व्हर सल्फाडायझिन हे पांढरे मलम असते. 1968 साली चार्ल्स फॉक्स यांनी ते आणले आणि जंतुसंसर्ग रोखण्यात त्याने नाव कमावले. पण नव्या कातडीच्या पेशींनाही ते जाचते आणि भरणे लांबवते, हे नंतर उमगले. पाय बांधलेल्या मल्लाला चीत केल्याचे ढोल किती वाजवावेत? वैद्यकीय पुरावे तोलणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2012च्या समीक्षेने कोरफडीच्या सात चाचण्या, 347 रुग्ण, तपासून भरवशाजोगा पुरावा नसल्याचा निर्वाळा दिला. त्यातच 1991चा एक अभ्यास आहे. पोटावरच्या शस्त्रक्रियेच्या उघड्या राहिलेल्या जखमा नेहमीच्या पट्टीने सरासरी 53 दिवसांत भरल्या, कोरफडीने 83. जखमेची जात वेगळी, हे मान्य. पण ‘जखमेला कोरफड चांगली’ हे सरसकट विधान त्यापुढे टिकत नाही.

राहिला सुश्रुत, ज्याचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते आणि ग्रंथ सर्वांत कमी उघडला जातो. सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात तो दग्धाचे चार प्रकार करतो: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध, अतिदग्ध. म्हणजे कोणते औषध, याआधी त्याचा प्रश्न आहे किती खोल. प्रकार बदलला की उपचार बदलतात, आणि तेलातुपाने भाजले असेल तर स्निग्ध नव्हे, रूक्ष उपचार करा, असेही तो बजावतो. अतिदग्धात तर तो आधी सुटलेले मांस काढून टाकायला सांगतो, लेप नंतर. सगळ्या भाजण्यावर एकच हिरवी ट्यूब पिळणाऱ्यांनी त्याची साक्ष काढू नये. आणि पूज्यभाव बाजूला ठेवून हेही सांगायला हवे की प्लुष्टावर, म्हणजे सर्वांत उथळ भाजण्यावर, त्याने शेक सांगितला आहे, थंड पाण्याने रक्त गोठते या समजुतीने. आज आपण उलट करतो: नळाचे वाहते गार पाणी, वीस मिनिटे. तिथे सुश्रुत चुकला. जो एका ठिकाणी चुकू शकतो त्याचे उरलेले म्हणणे तपासून घ्यावे लागते, आणि ते त्याचा अपमान केल्याने होत नाही.

मग वनस्पती बाद? नाही, आणि इथे माझा वाद आजीच्या विरोधकांशीही आहे. मुंबईच्या डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी 1985 साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी पुढे केळीचे पान घेतले. 2003च्या अहवालात ते बटाट्याच्या सालीइतकेच गुणकारी आणि कितीतरी स्वस्त ठरले. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी मधाच्या चाचण्या केल्या, त्यांत बटाट्याची साल मधापुढे हरली. हे सारे आपल्याच गावांत, वॉर्डांतल्या माणसांवर घडले. पण साल उकडली, वाफेत निर्जंतुक केली, की तिच्यात अर्क म्हणावा असे काय शिल्लक राहते? केळीच्या पानाचा तर कोणी रस काढलाच नाही. पान मेणचट असते, जखमेला चिकटत नाही, ओल धरून ठेवते, बदलताना नवी कातडी उपटून येत नाही. जॉर्ज विंटर यांनी 1962 साली डुकरांवर दाखवले होते की झाकून ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते. गुण झाकणात होता, आणि आपण तो पिळून काढायला निघालो.

अर्कच हवा, तर तोही मिळतो, फक्त स्वस्तात नाही. बर्च झाडाच्या सालीतल्या बेट्युलिनयुक्त अर्काच्या जेलला 2016 साली युरोपीय संघाने उथळ जखमांसाठी मान्यता दिली. द्रव्य मोजलेले, जेल निर्जंतुक, आणि भाजलेल्यांवरच्या चाचणीत एकाच माणसाच्या एकाच जखमेच्या अर्ध्या भागावर हे, अर्ध्यावर दुसरे. एवढ्या खटाटोपातून लाभ निघाला सुमारे एका दिवसाचा. मला तो एक दिवस आपल्या बाजारातल्या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. आणि तोही उथळ भाजण्यापुरता. कातडी पूर्ण जाडीत जळाली असेल तर पसरायला पेशीच उरत नाहीत. तिथे कलम लावावे लागते, कोणत्याही झाडाचा रस ओता.

अतिदग्धाचे उपचार सांगताना सुश्रुताने शेवटी व्रण गुळवेलीच्या किंवा कमळाच्या पानांनी झाकायला सांगितले आहे. आपण गुळवेल घेतली, काढा करून प्यालो. ते झाकणारे पान मात्र ग्रंथातच राहून गेले.