आजार मुलीचा, आरोप घरावर

वर्गातली एखादी मुलगी गप्प गप्प राहू लागते, डबा न खाताच परत नेते, दिवसेंदिवस वाळत जाते. पालकांना बोलावले तर आई रडवेली, वडील चिडलेले, दोघेही एकमेकांचे बोलणे तोडणारे. ते गेल्यावर शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास उमटते, "घरचं वातावरणच असं, मग पोरीचं दुसरं काय होणार?" आपण हा निष्कर्ष एका भेटीत काढतो. वैद्यकशास्त्रानेही तो काढला होता. तो तपासून मागे घ्यायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.

समोर अन्न असूनही ते टाळत राहण्याच्या या आजाराचे वर्णन १८७३ साली पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये सर विल्यम गल यांनी जवळजवळ एकाच वेळी केले. गल यांनी दिलेले 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव आजही रूढ आहे. नाव तसे फसवेच. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे भूक नसणे. पण या रुग्णांना भूक लागते, वजन वाढण्याच्या भीतीने ती दाबली जाते.

लासेग यांनी घराकडे बारकाईने पाहिले होते. घरचे आधी विनवण्या करतात, मग धाक दाखवतात. दोन्ही उपाय थकतात आणि हळूहळू सारे घर त्या मुलीच्या ताटाभोवती फिरू लागते, असे त्यांनी नोंदवले. आजार घराला कसा बदलतो, हे पहिल्याच निबंधात होते! पण पुढच्यांनी दुसरेच टोक पकडले. रुग्णाची देखभाल करायला नातेवाईक सर्वांत अयोग्य, असे गल यांचे मत होते. १८८०च्या दशकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांनी तर मुलीला आईवडिलांपासून दूर ठेवणे हाच उपचाराचा पाया मानला.

१९७८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या साल्व्हादोर मिनुचिन आणि सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांची चार लक्षणे सांगितली: एकमेकांत अति गुंतणे, अति काळजी, ताठरपणा आणि भांडण मिटवता न येणे. मुलाची शारीरिक प्रवृत्तीही त्यांनी जमेस धरली होती. लोकांच्या लक्षात मात्र 'दोष घराचा' एवढेच राहिले.

यात चूक कोठे होती? वर्गात आपण नेहमी सांगतो, की दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. ही कुटुंबे तपासली गेली ती मुलगी आजारी पडल्यानंतर. पोटचे पोर डोळ्यांदेखत झिजत असताना कोणते आईवडील अति काळजी करणार नाहीत?

मुलीच्या वागण्याचेही तसेच. या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक प्रयोग आधीच झालेला होता. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, स्वयंसेवक तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. चांगली मनमिळाऊ माणसे चिडचिडी, एकलकोंडी झाली; सतत अन्नाचाच विचार करू लागली. हे सारे केवळ उपासमारीने घडले होते.

दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातले ओळखणे, याला सामाजिक आकलन म्हणतात. नुसत्या डोळ्यांचे छायाचित्र पाहून भावना ओळखण्याची ३६ चित्रांची एक चाचणी आहे. अशा चाचण्यांत या रुग्णांना काही अभ्यासांत सरासरीने कमी गुण मिळाले. बऱ्या झालेल्यांत हा फरक पुष्कळसा कमी आढळतो. सर्वच गोष्टी उपासमारीवर ढकलता येत नाहीत, हेही खरे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बहिणींच्या ४७ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत एक आजारी, दुसरी निरोगी. एका नियमावरून दुसऱ्या नियमावर मन वळवणे निरोगी बहिणींनाही काहीसे जड गेले. म्हणजे घरात चालत आलेले काही असतेही. पण वारसा म्हणजे अपराध नव्हे.

आता ते घर पुन्हा डोळ्यांसमोर आणू. आईच्या चेहऱ्यावरची काळजी मुलीला राग वाटते. मुलीच्या मनातली भीती आईला हट्ट वाटते. दोघीही एकमेकींना चुकीचे वाचतात आणि गाठ अधिकच आवळते.

ती सोडवायला घरच उपयोगी पडले. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात जेराल्ड रसेल आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी जाणाऱ्या ८० रुग्णांवर कुटुंबासह आणि एकट्याने असे दोन उपचार तुलनेसाठी वापरले. १९८७ च्या त्यांच्या अहवालानुसार १९ वर्षांपूर्वी सुरू झालेल्या आणि तीन वर्षांच्या आतल्या आजारात कुटुंबासह केलेला उपचार सरस ठरला. ज्यांना शार्को यांनी दाराबाहेर ठेवले, तेच आईवडील आता ताटाशेजारी बसून उपचार करू लागले. २०१० साली या विकारांच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कुटुंबाला आजाराचे मुख्य कारण मानणाऱ्या विचाराला स्पष्ट विरोध नोंदवला.

आपल्या शाळेत असे पालक आले तर त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात: वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा, आणि हे तुमच्यामुळे झाले असे समजू नका. दोषी ठरवलेले पालक पुन्हा शाळेची पायरी चढत नाहीत. आणि मुलीला तर रोजच्या जेवणाला त्यांचीच सोबत लागणार असते.