वृत्तनियंत्रण, निजामकालीन (औसा–लातूर परिसर)

वृत्तपत्र काढणे, बाहेरून मागवणे आणि सभेत बोलणे यांवर हैदराबाद संस्थानच्या सरकारने ठेवलेला ताबा. औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा 1982 मध्ये झाला.

‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकाने परवानगीवाचून सभा घेण्यास मनाई होती. बाहेरच्या अनेक पत्रांना संस्थानात येऊ देत नसत. मुलुखाची भाषा मराठी आणि कारभाराची उर्दू, त्यामुळे आपल्याच राज्यात काय चालले आहे हे रयतेला स्वतःच्या भाषेत वाचायला मिळणे दुर्मीळ होते. तरी वाट पुरती बुजली नाही. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले आणि बंदी आली की नाव बदलून पुन्हा अंक काढले. बाहेरची पत्रे येण्यालाही वाट होती: औशापासून इंग्रजी हद्द फार लांब नव्हती. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला रेल्वे येत असे. आजचे औसा रोड स्थानक याच मार्गावर आहे.

हा प्रश्न एका भाषेचा वा धर्माचा नव्हता. हैदराबादेत ‘रय्यत’ हे उर्दू पत्र सरकारने बंद केले. तेथे काम केलेल्या शोएबुल्ला खान यांनी मग ‘इमरोज’ काढले, भारतात विलीनीकरणाची बाजू मांडली, निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र संघटनेवर टीका केली. ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा हात तोडून खून करण्यात आला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. एक पत्र सरकारी हुकमाने मिटवले गेले, दुसऱ्याच्या संपादकाचा खून झाला; या दोन गोष्टी वेगळ्या मानता येत नाहीत.

शांतता राखण्यासाठी बातमीवर सरकारचा हात हवा, असे नियंत्रणाचे समर्थक म्हणतात. मराठवाड्याचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. पत्रे गप्प केल्याने दहशत थांबली नाही. ती सप्टेंबर 1948 मधील भारत सरकारच्या पोलीस कारवाईपर्यंत चालू राहिली. खोट्या वा चिथावणीच्या मजकुरासाठी कायदा आणि न्यायालय असावे, मंत्रालयाची कात्री नव्हे.

बातमीवर ताबा ठेवण्याचा मोह स्वतंत्र भारतातही सुटलेला नाही. आणीबाणीत पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाला सेन्सॉरशी झगडावे लागले. केंद्र सरकारविषयीचा समाजमाध्यमांवरील मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार त्याच सरकारच्या कक्षाला देणारा 2023 चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये घटनाबाह्य ठरवला.