गावाच्या मालकीचं इको-लॉज म्हणजे काय? तिथे राहिलं तर पैसा कुणाकडे जातो?

सुट्टी पडली की सोलापुरातून गाड्या आंबोली, कोयनानगर, महाबळेश्वरच्या दिशेने निघतात. उन्हाने भाजलेल्या माणसाला हिरवं, ओलं काहीतरी हवं असतं. वाटेत ‘इको रिसॉर्ट’, ‘जंगल स्टे’ असे फलक जागोजागी दिसतात. अशा ठिकाणी तुम्ही दोन रात्री राहिलात, तर त्या पैशातला किती वाटा तिथल्या गावाला मिळतो?

बहुतेक वेळा वेटर, माळी किंवा वॉचमनच्या पगाराएवढाच. मालक बाहेरचा असतो. जगातल्या काही जंगलांमध्ये मात्र हे गणित उलटं आहे.

‘गावाच्या मालकीचं’ म्हणजे नेमकं काय?

इको-लॉज म्हणजे निसर्गाला कमीत कमी धक्का लावून बांधलेलं, निसर्ग पाहायला येणाऱ्यांसाठीचं छोटं निवासस्थान. ते गावाच्या मालकीचं असेल तर जमीन किंवा व्यवसाय गावाच्या सामूहिक नावावर असतो, दर आणि नियम गाव ठरवतं आणि नफ्याचं काय करायचं हेही गावच ठरवतं.

होमस्टेमध्ये कमाई त्या एका घराची असते. सरकारी विश्रामगृहाचं उत्पन्न सरकारकडे जातं. इथे मालक अख्खं गाव असतं.

बोलिव्हिया: ओस पडू लागलेलं गाव

डॅनियल रॅडक्लिफचा ‘जंगल’ (२०१७) हा सिनेमा पाहिला असेल, तर योसी गिन्सबर्ग हे नाव आठवेल. हा इस्रायली तरुण १९८१ मध्ये बोलिव्हियातल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात हरवला आणि सुमारे तीन आठवड्यांनी स्थानिक लोकांच्या मदतीने वाचला.

त्याच भागात सान होसे दे उचुपियामोनास हे आदिवासी गाव आहे. रोजगार नाही, सोयी नाहीत, म्हणून तिथली कुटुंबं गाव सोडत होती. १९९० च्या दशकात गिन्सबर्ग परत आले आणि त्यांनी गावकऱ्यांना निधी मिळवायला मदत केली. कन्झर्व्हेशन इंटरनॅशनल ही संस्था आणि इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँक यांच्या पाठबळावर मादिदी राष्ट्रीय उद्यानात चालालान इको-लॉज उभं राहिलं. गावकरी स्वयंपाक, हिशेब, गाईडचं काम शिकले आणि २००१ मध्ये लॉजची पूर्ण मालकी गावाकडे आली.

पेरू: ६०-४० चा करार

पेरूमध्ये तांबोपाता नदीकाठी इन्फिएर्नो हे एसे एहा आदिवासींचं गाव आहे. त्यांनी १९९६ मध्ये रेनफॉरेस्ट एक्स्पेडिशन्स या खासगी कंपनीशी २० वर्षांचा करार केला. नफ्यातले ६० टक्के गावाला, ४० टक्के कंपनीला. निर्णयात मात्र दोघांचा वाटा समान. १९९८ मध्ये पोसादा आमाझोनास हे लॉज सुरू झालं.

पर्यटकांना घेऊन येण्याचं काम कंपनीचं, जंगल आणि त्याची माहिती गावाची. जंगल तोडलं तर धंदाच बुडेल, हे दोघांनाही ठाऊक.

तिथे राहायचं म्हणजे कसं?

हॉटेलची अपेक्षा ठेवून जाऊ नका. पोसादा आमाझोनासच्या खोल्यांना जंगलाच्या बाजूला भिंतच नाही. मच्छरदाणीत झोपायचं आणि रात्रभर जंगल ऐकायचं. पहाटे उठून उंच मनोऱ्यावरून झाडांच्या शेंड्यांवरचे पक्षी पाहायचे. सोबत गाईड असतो. मोठे प्राणी दिसतीलच याची हमी नाही. वर्षावनात किडे, बेडूक आणि पक्षीच जास्त भेटतात.

भारतातून जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: बोलिव्हिया किंवा पेरूहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. ही लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

महाराष्ट्रात असं काही आहे का?

हुबेहूब तसं नाही, पण जवळ जाणारे प्रयोग आहेत.

- पुरुषवाडी (ता. अकोले): ग्रासरूट्स या संस्थेसोबत गावकरी पर्यटन चालवतात. पाहुणे गावातच राहतात, गावकऱ्यांच्या घरी जेवतात. पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला गर्दी होते. मोबाइलचा फ्लॅश आणि गाडीचे दिवे काजव्यांच्या मीलनात अडथळा आणतात, हे लक्षात ठेवा.
- वेळास (जि. रत्नागिरी): नाना फडणवीसांचं हे गाव आता कासवांसाठी ओळखलं जातं. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्या घरांमध्येच उतरू लागले.
- वेंगुर्ला (जि. सिंधुदुर्ग): स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात.

सोलापूरला याचं काय?

आपल्या नान्नजचंच उदाहरण घ्या. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतलं मिळून जवळपास ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आलं. त्यात शेतं होती, गावं होती. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि लोकांना पक्ष्यापेक्षा त्याची अडचणच जास्त जाणवू लागली. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक कमी होण्यामागे इतरही कारणं आहेत. पण त्याच्या असण्याने आपला फायदा होतो, असं म्हणायची संधी इथल्या शेतकऱ्याला फारशी मिळालीच नाही. सान होसे आणि इन्फिएर्नोत नेमकं हेच वेगळं घडलं.

बुकिंग करण्याआधी हे चार प्रश्न विचारा

१. जागा आणि व्यवसाय कुणाच्या नावावर आहे?
२. नफ्यातला वाटा गावाला मिळतो की फक्त पगार?
३. गाईड, स्वयंपाकी आणि व्यवस्थापक स्थानिक आहेत का?
४. कचरा आणि सांडपाण्याचं काय करतात?

उत्तरं गोलमोल मिळाली, तर ‘इको’ फक्त फलकावरच आहे असं समजायला हरकत नाही.