तांब्याचा टंका

पैशाचे मोल त्याच्या धातूत असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी सुलतान मुहंमद बिन तुघलकाचे नाणेप्रकरण विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे.

इ. स. 1329-30 च्या सुमारास सुलतानाने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या भावाने घ्यावीत, असे फर्मान सोडले. आपल्या दौलताबादच्या टाकसाळीतही ती पाडली गेली. लोक याला ‘वेडा महंमद’ म्हणून हसतात. मला ते पटत नाही. चीनमध्ये कुब्लाईखानाने तर कागदाचे चलन चालविले होते!

सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो, अशा अर्थाचा मजकूर या नाण्यांवर होता. परंतु नक्कल ओळखू येईल अशी खूण मात्र नव्हती. तांबे सर्वत्र मिळे, आणि ठसा कोणीही कुशल कारागीर कोरू शके. इतिहासकार झियाउद्दीन बरनी म्हणतो की घरोघरी टाकसाळी निघाल्या. लोक सारा तांब्यात भरू लागले, चांदी घरात दडवू लागले. अखेर बाजारात त्या नाण्याला निव्वळ तांब्याचाच भाव उरला.

सुमारे 1332 मध्ये सुलतानाने नाणी मागे घेतली. आणि शब्द पाळून खजिन्यातून त्यांच्या बदल्यात सोने-चांदी दिली. खजिन्याला जबर खोट बसली. परत आलेल्या तांब्याचे डोंगराएवढे ढीग तुघलकाबादेत पडून होते, असे बरनीने नोंदविले आहे.