पॉवरशेल : पॅरामीटरची उकल

पॉवरशेल ही मायक्रोसॉफ्टची कमांड शेल आणि स्क्रिप्टिंग भाषा २००६ मध्ये आली. तिच्या कमांडना द्यायच्या पॅरामीटरची माहिती मदतपानावर असते खरी, पण पुष्कळदा ती नावाचाच पुनरुच्चार करून थांबते. ‘फोर्स’पुढे ‘सक्तीने काम करते’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याच्या पदरात काय पडले? त्यात आवृत्ती ३ पासून मदतीच्या फायली सोबत येत नाहीत. ‘अपडेट-हेल्प’ चालवून त्या उतरवून घ्याव्या लागतात. तोवर ‘गेट-हेल्प’ जेमतेम वाक्यरचनेच्या ओळी दाखवते.

या ओळी दिसायला रूक्ष, पण बोलतात बरेच. चौकटी कंसात गुंडाळलेला भाग ऐच्छिक असतो, कोनी कंसात मूल्याचा प्रकार. कंस नुसत्या नावाभोवती असेल तर नाव गाळता येते. मूल्य मात्र ठरलेल्या जागीच हवे. ज्यापुढे प्रकारच नाही तो स्विच, लिहिला की चालू.

एकाच कमांडच्या दोन ओळी दिसल्या, तर ते पर्यायी संच असतात. ‘गेट-चाइल्डआयटम’च्या एका ओळीत ‘पाथ’ आहे, दुसरीत ‘लिटरलपाथ’. दोन्ही एकदम दिले की कमांड अडते. दोहोंतला फरक ‘हिशेब[१]’ अशा नावाची फाइल शोधताना कळतो. ‘पाथ’ चौकटी कंसाला वाइल्डकार्ड समजतो, ‘हिशेब१’ शोधत राहतो आणि समोरची फाइल त्याला दिसत नाही. ‘लिटरलपाथ’ नाव जसेच्या तसे घेतो.

‘कन्व्हर्टटू-जेसन’चा ‘डेप्थ’ अधिक बेरकी. काही न सांगितल्यास तो २ धरला जातो, आणि त्याहून खोल असलेल्या माहितीच्या जागी ‘सिस्टिम.कलेक्शन्स.हॅशटेबल’सारखे निरुपयोगी शब्द येतात. मूळ मूल्य मदतपानावर आहे. माहिती गळते हे मात्र कमांड स्वतःहून सांगत नसे. आवृत्ती ७.१ पासून ती निदान इशारा देते.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर ‘ट्रेस-कमांड’ला ‘पॅरामीटरबाइंडिंग’ हे नाव आणि ‘पीएसहोस्ट’ हा स्विच देऊन कमांड तिच्यामार्फत चालवावी. कोणते मूल्य कोणत्या पॅरामीटरला, नावाने, जागेने की पाइपलाइनमधून जोडले गेले, याची पायरीवार नोंद पडद्यावर येते. काही मोडतोड होण्याची धास्ती असेल आणि कमांडला ‘व्हॉटइफ’ची सोय असेल, तर तो लावावा, काम न करता काय केले असते ते कळते. २०१६ मध्ये पॉवरशेलचा स्रोत खुला झाल्यापासून सी शार्प वाचता येणाऱ्याला कमांडचा मूळ कोडही पाहता येतो. मदतपानांचा मजकूरही गिटहबवर असून त्यात कोणालाही दुरुस्ती सुचवता येते.