विजयदुर्गचे ओटे आणि एमआरआयचा हेलियम

आमच्या देवगड तालुक्यात कुणालाही विचारा, हेलियमचा शोध कुठे लागला? उत्तर ठरलेले: विजयदुर्ग किल्ल्यावर, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात, लॉकियर साहेबाने. पुरावा म्हणून किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवतात. शाळेच्या सहलीत त्याच ओट्यांवर बसून आम्ही डबे खाल्ले आहेत.

पुढे इथे ब्रिटनमध्ये मी रेडिओग्राफीच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागलो. अलीकडे अभ्यासक्रमात पर्यावरण आले आणि एमआरआयला लागणाऱ्या हेलियमचा तास माझ्याकडे आला. मी मोठ्या ऐटीत विजयदुर्गापासून सुरुवात करायचो. दोन वर्षे खपून गेले. तिसऱ्या वर्षी एका मुलीने विचारले, "पण त्या ऑगस्टमध्ये लॉकियर भारतात होते का?"

घरी येऊन शोधले. नव्हते! ते ग्रहण भारतातून पाहिले फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी, आणि तेही आंध्रातल्या गुंटूरहून. लॉकियर यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमध्येच, ग्रहणाशिवाय, सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तशीच पिवळी रेषा पाहिली आणि ती एखाद्या नव्या मूलद्रव्याची असावी असे मांडले. विजयदुर्गला ते आले खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी. ओटे त्या वेळचेच असावेत, असे मला वाटते.

पुढच्या तासाला वर्गात चूक कबूल केली. पण त्या निमित्ताने एक गोष्ट हाती लागली. सूर्यावर दिसलेला हा वायू पृथ्वीवर मिळायला १८९५ साल उजाडले. रॅम्से यांना तो युरेनियमच्या खनिजातून मिळाला. क्ष-किरणांचा शोधही त्याच वर्षीचा! युरेनियम आणि थोरियमच्या किरणोत्सर्गातून हेलियम जमिनीखाली लाखो-करोडो वर्षे साठत राहतो आणि नैसर्गिक वायूबरोबर वर येतो. एकदा हवेत सुटला की तो हळूहळू अंतराळात निघून जातो. माणसाला तो कारखान्यात बनवता येत नाही.

एमआरआयचे चुंबक उणे २६९ अंशांवर ठेवायला नेहमीच्या यंत्रात दीड हजार लिटरच्या आसपास द्रवरूप हेलियम असतो. मी पूर्वी ज्या रुग्णालयात होतो तिथे कुणीतरी लोखंडी ट्रॉली आत नेली. ती फाटकन चुंबकाला चिकटली. माणूस कुणी अडकला नव्हता. इंजिनिअरला बोलावून चुंबक सावकाश उतरवता आले असते. पण घाबरून एकाने लाल बटण दाबले. गच्चीवरच्या नळीतून पांढरा ढग निघाला. आम्ही अंगणात उभे राहून पाहत होतो. काही मिनिटांत सगळे संपले. द्रवाचा वायू होताना सातशे पट फुगतो, हे पुस्तकात वाचले होते. तेव्हा डोळ्यांनी पाहिले. यंत्र बंद, रुग्णांच्या तारखा पुढे. चर्चा फक्त बिलाची झाली. माझ्याही मनात दुसरे काही आले नाही, हे आज सांगताना लाज वाटते.

आता हाच प्रसंग वर्गात सांगतो. तपासणीच कमी करा, असा याचा अर्थ मुले काढतात. मी तो काढू देत नाही. ज्याला गरज आहे त्याचा स्कॅन झालाच पाहिजे. पण बटण माणसाच्या जिवासाठी आहे, ट्रॉलीसाठी नाही. अवघ्या सात लिटर हेलियमवर चालणारी सीलबंद चुंबके २०१८ पासून आली आहेत. नवे यंत्र घेताना हा प्रश्न विचारणारे कुणीतरी त्या बैठकीत असावे, एवढीच माझी खटपट.

ओट्यांची गोष्ट मी अजूनही सांगतो, फक्त १८९८ ची. गावी मात्र तोंड उघडलेले नाही. तिथे दर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात. त्यात हे कोण सांगणार!