परस कुठे गेला? नवी मुंबईतल्या मागच्या दाराचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "इतिहासाच्या व्याख्यानात तू अळू आणि केळीवर बोलणार?" हो, त्यावरच बोलणार आहे. कारण अळू आणि केळी जिथे उगवत होती त्या जागेचाही इतिहास असतो, आणि आपण बसलोय त्या शहरात तो इतिहास फारसा कुणी लिहिलेला नाही.

हल्ली 'फूड फॉरेस्ट' हा शब्द कानावर येतो. घरामागे उंच झाड, त्याखाली मध्यम झाड, त्याखाली झुडूप, वेल, कंद, असं थराथरानं खाण्याचं जंगल लावायचं. एकमेकांना साथ देणारी झाडं शेजारी ठेवायची. याला पर्माकल्चर म्हणतात. हा शब्द बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोन ऑस्ट्रेलियन माणसांनी रूढ केला, त्यांचं 'पर्माकल्चर वन' हे पुस्तक १९७८ चं. आता इथे लगेच "आमच्याकडे हे सगळं आधीच होतं" असं म्हणायची आपल्याला सवय आहे. मी तसं म्हणणार नाही. पण होतं काय, ते नीट बघू.

इथून दक्षिणेला अष्टागर आहे. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा. तिथली वाडी तुम्ही पाहिली असेल. वर नारळ, त्याच्या खालच्या उजेडात सुपारी, सुपारीवर चढवलेली मिरी किंवा पानवेल, खाली केळ, आणि विहिरीचं पाणी पाटानं सगळ्यांना. ही बाजारासाठीची शेती होती. घराचा परस वेगळा. परसाचा नकाशा कुणी काढला नाही, तो मोरीच्या पाण्यानं काढला. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे अळू आणि केळ, कारण दोघांना ओल लागते. केळीच्या सावलीत हळद, आलं. कुडाला वालाचा नाहीतर घेवड्याचा वेल. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे सासूनं सुनेला सांगितलं नसेल, पण वेलाशेजारची मिरची बरी येते हे नक्की सांगितलं असेल. मांडवावर पडवळ, कोपऱ्यात शेवगा. झेंडू देवाला लागतो म्हणून लावायचा; त्याच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमी कमी होतात, हे आपल्याला नंतर कळलं.

आता नवी मुंबईकडे येऊ. इथली मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची. भातशेती, मिठागरं, खाडीची मासळी. भात कापलं की त्याच ओलीवर वाल. हिवाळ्यात ज्या पोपटीसाठी आपण गाड्या काढून जातो, तिची शेंग ही. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. पुढचा भाग तुम्हाला माहीत आहे. दि. बा. पाटलांचं नेतृत्व, जानेवारी १९८४ चं उरणचं आंदोलन, गोळीबार, पाच हुतात्मे. मग साडेबारा टक्क्यांची योजना.

माझा प्रश्न या सगळ्यात एकच आहे. परस कुठे गेला?

गंमत अशी की परस सिडकोनं घेतलाच नाही. संपादन शेतांचं झालं, गावठाण राहिलं, आणि परस गावठाणात होता. तरीही तो गेला. का? एक तर परस शेतावर जगत होता. गोठ्यातलं शेण, भाताचा पेंढा, तूस, झाडांचा पाला, हे सगळं शेताकडून यायचं. शेत गेलं तशी गुरं गेली, गुरं गेली तसं खत गेलं. साथीची झाडं आपण शेजारी-शेजारी मोजतो, पण खरी जोडी परस आणि शेत यांची होती. दुसरं कारण जास्त कठोर आहे. गावठाणाची हद्द कागदावर होती तिथेच थांबली आणि कुटुंब वाढत गेलं. मुलाचं लग्न झालं, खोली कुठे काढायची? मागे. शेत नाही, मग उत्पन्न कुठून? भाड्याची खोली काढायची, तीही मागे. सरकारी कागदांत 'गरजेपोटी बांधलेली घरं' असे शब्द येतात ना, त्यातली कितीतरी घरं परसावर उभी आहेत.

आणि याची नोंद नाही. शेताला सातबारा असतो, त्यावर पीकपाहणी असते. गावठाणातल्या घरामागे काय पिकत होतं ते कुठल्याच सातबाऱ्यावर येत नाही. ते काम बायकांचं, पीक चुलीपुरतं, त्यामुळे हिशेबातही नाही. संशोधकाला म्हाताऱ्या बायकांशी बोलण्यावाचून पर्याय नाही. ते लवकर करायला हवं.

थोडं गणित करू. गणित म्हटलं की श्री. अ. दाभोलकर आठवतात, गणिताचेच प्राध्यापक, 'प्रयोग परिवार'वाले. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. झाडाची पानं किती ऊन पकडतात इथून त्यांचा हिशेब सुरू व्हायचा. आता साडेबारा टक्के घ्या. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी कापून हातात पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. त्यावर दीड चटई क्षेत्र मिळणार आणि वारस चार-पाच. तिथे कोण शेवगा लावणार? इमारतच उभी राहणार. त्यात भूमिपुत्रांना दोष देण्यासारखं मला काही दिसत नाही.

शहराच्या बाजूनं मात्र एक प्रयत्न झाला. सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, १९८३ ते ८६, चार्ल्स कोरिया यांचं. शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता यांच्याबरोबर खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडणारे तेच. तिथे साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड, म्हणजे पाऊण गुंठ्याच्या आत. पण प्रत्येक घर सुटं, प्रत्येकाला आभाळाखालची आपली जागा. कुटुंब वाढलं की घर वाढवता यावं म्हणून भिंत सामाईक ठेवली नाही. घरं वाढली, अगदी गावठाणासारखीच, आणि कितीतरी ठिकाणी अंगण आत गेलं. फरक इतकाच की एकाला वास्तुरचनेचा नमुना म्हणतात आणि दुसऱ्याला अनधिकृत बांधकाम.

शेवटी, आधी पाठवलेल्या प्रश्नांतला एक घेतो. "आमच्या रो-हाउसमागे दहा बाय पंधरा जागा आहे, सुरुवात कशानं करू?" आधी पाणी बघा. इकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मग आठ महिने थेंब नाही. जमीन भरावाची असेल तर मुरूमच हाताला येईल, त्यामुळे पहिलं वर्ष पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवण्यात घालवा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तर मातीऐवजी मुख्यतः कचऱ्यावरच बाग उभी राहिली. बेसिनचं पाणी जिथे सोडता येईल तिथे केळीचा एक मुनवा आणि चार अळू, साबण मात्र बेतानं. जूनच्या आधी हळद. शेवगा लावाल तर दरवर्षी छाटा, नाहीतर शेजाऱ्याकडे शेंगा आणि तुमच्याकडे सुरवंट. दिवाळीनंतर कुंपणाला वाल टाका. बी बाजारातून आणू नका, जवळच्या गावठाणात कुणाकडे तरी अजून डब्यात राखेत ठेवलेलं असतं. मागायला गेलात की त्या आजींना परसाबद्दलही विचारा.